मुक्तस्रोत फोनची बॅटरी पुन्हा पुन्हा का उतरते : ठाणे-महापे वाटेवरचा एक तपास

तक्रार नेमकी अशी आहे. सकाळी ठाण्याहून निघताना फोन शंभर टक्के भरलेला असतो. दिवसभरात दोन-चार कॉल, थोडे वाचन आणि गाडीत अर्धा तास गाणी एवढाच त्याचा वापर होतो. तरीही संध्याकाळी कोपरखैरण्याच्या फलाटावर उभे राहावे तो पडद्यावर बॅटरीची लाल खूण उमटलेली असते, आणि कधी कधी दिघा गाव येण्याआधीच फोन मान टाकतो. दोन-तीन आठवडे सर्व सुरळीत चालते आणि मग तेच पुन्हा सुरू होते. मुक्तस्रोत, म्हणजे जिचा कोड सर्वांना खुला असतो अशी, प्रणाली टाकलेला फोन रोज वापरणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव कमीअधिक प्रमाणात आलेला असतो, आणि त्यावर ‘मल्टिटास्किंग (एकाच वेळी अनेक अ‍ॅप चालवणे) म्हटले की असे होणारच’ हे एकच उत्तर त्यांनी ऐकलेले असते. हे उत्तर चुकीचे आहे असे माझे मत आहे. ते का, हे मला दीड वर्षात तीनदा त्याच तक्रारीमागे लागल्यानंतर समजले.

पहिल्या वेळी मी सर्वांत सोपा मार्ग धरला. फोन 2018 साली बाजारात आलेला, चार हजार मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीचा. त्यामुळे नौपाड्यातील एका दुरुस्तीवाल्याने तो हातात घेताक्षणी “साहेब, हिचा जीव गेलाय, बदलून टाका” असे सांगितले तेव्हा शंका घेण्याचे कारण नव्हते. दिवाळीच्या दोन दिवस आधी नवी बॅटरी बसवली आणि फोन खरोखरच सुधारला. रात्री साडेअकरालाही साठ टक्के शिल्लक दिसू लागले. भाऊबीज झाली, सुट्टी संपली, मी महाप्याला कामावर रुजू झालो आणि पहिल्याच संध्याकाळी लाल खूण परत आली. फोन सुधारला होता तो नव्या बॅटरीमुळे नव्हे, मी घरी होतो म्हणून, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवे होते. ते यायला आणखी तीन आठवडे गेले. या तक्रारीत बॅटरी बदलून पाहणाऱ्यांनी निदान एक पथ्य पाळावे : उपाय केल्यानंतर फोन नेहमीच्याच दिनक्रमात, नेहमीच्याच जागी वापरून पाहिल्याखेरीज तो लागू पडला असे समजू नये. जुन्या बॅटरीची खरी अवस्था पाहायची असेल, तर कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, वीजपुरवठा विभागात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता असे दोन आकडे बहुतेक फोनवर मिळतात. दुसरा आकडा पहिल्याच्या ऐंशी टक्क्यांच्या वर असेल, तर एका दिवसात फोन बसण्याचा दोष बॅटरीच्या माथी मारता येत नाही.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे उघडी असलेली सर्व अ‍ॅप बोटाने सरकवून बंद करणे. हा उपाय सुचवणाऱ्यांची समजूत अशी असते की, उघडी खिडकी म्हणजे चालू दिवा. प्रत्यक्षात मेमरीत नुसते पडून राहिलेले अ‍ॅप जवळजवळ काहीच खात नाही, कारण मेमरी रिकामी असो वा भरलेली, तिला ताजे ठेवण्यासाठी लागणारी वीज सारखीच असते. उबंटू टच या मुक्त प्रणालीत तर मागे गेलेले अ‍ॅप प्रणाली स्वतःच थोपवून ठेवते, आणि अँड्रॉइड 11 पासून मागच्या अ‍ॅपना गोठवण्याची सोय अँड्रॉइडमध्येही आली आहे. सेलफिश किंवा पोस्टमार्केटओएससारख्या प्रणालींत मागचे अ‍ॅप खरोखर चालू राहते हे मान्य. पण चालू राहणे आणि काम करत राहणे यांत फरक आहे. दहा अ‍ॅप उघडी असली आणि दहाही कशाची तरी वाट पाहत स्वस्थ बसलेली असली, तर प्रोसेसरच्या दृष्टीने घरात कोणीच नाही. उलट एकच अ‍ॅप दर दोन मिनिटांनी उठून दार ठोठावत असेल, तर बाकीची नऊ बंद करून काहीही साधत नाही. म्हणून विचारायचा प्रश्न ‘किती अ‍ॅप उघडी आहेत’ हा नसून ‘पडदा बंद असताना फोन झोपतो का, आणि झोपत नसेल तर त्याला कोण उठवते’ हा आहे.

झोपेला एवढे महत्त्व का, हे साध्या भागाकाराने समजते. चार हजारांच्या बॅटरीतून सरासरी वीस मिलिअँपिअर जात असतील, तर ती दोनशे तास पुरते. दीडशे जात असतील तर सत्तावीस तासही पुरत नाही, आणि चारशे जात असतील तर दहा तासांत कारभार आटोपतो. पडदा बंद करून फोन खिशात टाकला तरी प्रोसेसर जागा असेल तर खप दुसऱ्या किंवा तिसऱ्या पातळीवर राहतो, आणि पडदा काळा असल्यामुळे आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. दिवसाचे बहुतेक तास फोन खिशातच असतो; त्यामुळे पडद्याचा प्रकाश कमी करणे, काळी पार्श्वभूमी लावणे वगैरे गोष्टींनी दहा-वीस मिनिटे मिळतील, पण हरवलेले सहा तास मिळणार नाहीत.

आता झोप तपासायची कशी? अँड्रॉइडवर आधारलेल्या प्रणालींत ‘बॅटरीस्टॅट्स’ ही नोंद संगणकाला जोडून पुसून टाकता येते आणि दिवसाअखेर वाचता येते. त्यात पडदा बंद असतानाचा एकूण वेळ आणि त्यापैकी जागेपणाचा वेळ वेगवेगळा दिलेला असतो. सेलफिशवर ‘एमसीईटूल’ ही आज्ञा फोन सुरू झाल्यापासूनचा वेळ आणि त्यातील झोपेचा वेळ दाखवते. निव्वळ लिनक्सवर चालणाऱ्या फोनमध्ये कर्नलच्या वीज विभागातील ‘सस्पेंड स्टॅट्स’ पाहावेत. तिथे झोपण्याचे यशस्वी प्रयत्न आणि फसलेले प्रयत्न यांची मोजणी असते आणि शेवटचा प्रयत्न कोणत्या उपकरणाने हाणून पाडला त्याचे नावही असते. या मोजणीवरून आजार कोणत्या जातीचा आहे ते कळते. फसलेले प्रयत्न वाढत असतील, तर एखादा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) फोनला झोपूच देत नाही. यशस्वी प्रयत्न अवाच्या सव्वा असतील, म्हणजे तासाला शेकड्यांनी झोप लागून मोडत असेल, तर कोणीतरी बाहेरून उठवत आहे. दोन्ही आकडे अगदी लहान असतील, तर कोणीतरी ‘झोपू नकोस’ अशी आज्ञाच देऊन ठेवलेली आहे. आणि झोप उत्तम लागूनही चार्ज उतरत असेल, तर झोपेतही एखादी चिप चालू राहिली आहे. या शेवटच्या प्रकाराची परीक्षा सोपी आहे : रात्री विमान मोड लावून आठ तास फोन ठेवावा. तीन टक्के उतरले तर सरासरी पंधरा मिलिअँपिअर, म्हणजे ठीक. वीस टक्के उतरले तर शंभर, म्हणजे दोष ड्रायव्हरमध्ये आहे आणि तिथे आपल्या हाती फारसे काही नाही.

इथे एक चूक मी केली ती सांगून ठेवतो. दर पाच मिनिटांनी बॅटरीचा आकडा टिपून ठेवणारी एक छोटी स्क्रिप्ट मी मोठ्या उत्साहाने लिहिली. ती स्वतःच दर पाच मिनिटांनी फोनला उठवत होती. रुग्णाला झोप लागते का हे पाहण्यासाठी त्याला गदागदा हलवण्याचाच हा प्रकार झाला. मग मी खिशातल्या वहीत आकडे लिहू लागलो : ठाण्याला गाडीत चढताना, कोपरखैरण्याला उतरताना, जेवणाच्या सुट्टीत, कार्यालयातून निघताना आणि घरी पोहोचल्यावर.

माझा संशय गाडीवर होता. ठाणे-नवी मुंबई जोडणाऱ्या ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गावर फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर सतत उड्या मारतो आणि सिग्नल दुबळा झाला की मोडेमला (टॉवरशी बोलणाऱ्या चिपला) जास्त ताकदीने बोलावे लागते, एलटीईच्या (4जी) सामान्य फोनमध्ये 200 मिलिवॅटपर्यंत. त्यामुळे चार्ज तिथेच जात असणार असे मी धरून चाललो होतो. वहीने ते खोटे ठरवले. गाडीत चार टक्के जात होते, तेही गाणी ऐकत असताना. कार्यालयात मात्र फोन टेबलावर पालथा पडलेला असताना दहा ते एक या वेळात बावीस टक्के गेले होते. रविवारी घरी तेवढ्याच वेळात चार टक्के. पडदा बंद असतानाचा झोपेचा वाटा घरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि कार्यालयात वीसच्याही खाली होता. तोच फोन, तीच अ‍ॅप, तीच बॅटरी.

कर्नलच्या डीबग विभागात ‘वेकअप सोर्सेस’ नावाची एक फाइल असते. फोनला कोणकोणत्या उपकरणांनी किती वेळा उठवले आणि किती वेळ जागे ठेवले, याचा तक्ता तिच्यात असतो. ती सकाळी दहाला एकदा आणि एकला एकदा वाचून वजाबाकी केली तेव्हा वाय-फायच्या नावापुढे हजारोंचा आकडा आला आणि बाकीच्या कोणाच्याही नावापुढे शंभराच्या वर काही नव्हते. कार्यालयातील वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर दुसरा दिवस काढला, आणि संध्याकाळी एकसष्ट टक्के उरले.

कारण समजले तेव्हा ते अगदी साधे वाटले. एकाच मोठ्या जाळ्यावर शेकडो लॅपटॉप, प्रिंटर, सभागृहातले टीव्ही आणि फोन असतील, तर त्यातले प्रत्येक यंत्र अधूनमधून सर्वांना उद्देशून हाक मारते : अमुक पत्ता कोणाचा आहे, मी प्रिंटर आहे, मी टीव्ही आहे. या हाका आपल्या फोनसाठी नसतात, पण सर्वांसाठी असल्यामुळे त्याच्याही कानावर पडतात. कारखान्यातून आलेल्या प्रणालीत वाय-फायच्या चिपला आधीच सांगून ठेवलेले असते की असली पॅकेट तिथल्या तिथे टाकून दे, मुख्य प्रोसेसरला उठवू नकोस. अनेक मुक्त ड्रायव्हरांमध्ये चिपच्या फर्मवेअरशी (तिच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामशी) होणारा हा संवाद अपुरा असतो, कारण फर्मवेअर बंदिस्त असते आणि त्याची कागदपत्रे उघड नसतात. मग प्रत्येक हाकेला प्रोसेसर उठतो, हाक आपल्यासाठी नव्हती हे पाहतो आणि पुन्हा झोपायला जातो. आणि झोप लागण्याआधीच पुढची हाक येते. घरच्या राउटरवर चारच यंत्रे असल्यामुळे तिथे हा दोष दिसतच नव्हता. दिवाळीतली सुधारणा ती हीच.

यावर तीन मार्ग आहेत आणि तिन्हींची काही किंमत आहे. झोपेत असताना वाय-फायने उठवण्याची मुभा ‘आयडब्ल्यू’ या आज्ञेने काढून घेता येते किंवा ठरावीक नमुन्याच्या पॅकेटांपुरती मर्यादित करता येते. पण पूर्ण मुभा काढली तर वाय-फायवरून येणारे संदेशही फोन हातात घेईपर्यंत अडून राहतात. कार्यालयाच्या जाळे सांभाळणाऱ्या विभागाला विनंती करून पाहुण्यांसाठीच्या जाळ्यावर जाता येते. तिथे यंत्रांना एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असेल तर हाकांचा गोंगाट बराच कमी होतो. तिसरा मार्ग मी स्वीकारला : कार्यालयात वाय-फाय बंद आणि मोबाइल डेटा चालू. फार शोभिवंत नाही, पण टिकाऊ आहे.

या टप्प्यावर थोडे मागे जावेसे वाटते, कारण हा झगडा नवा नाही. 2008 च्या ओपनमोको फ्रीरनर या मुक्त फोनमध्ये मोडेम गाढ झोपेत गेला की नेटवर्क गमावायचा, पुन्हा नोंदणी करायचा, पुन्हा गमावायचा. 1024 या क्रमांकाने ओळखला गेलेला तो दोष शेवटी एक कपॅसिटर डाग देऊन बदलण्यापर्यंत गेला. पुढच्याच वर्षी आलेल्या नोकिया एन900 ची कथा अधिक बोधक आहे. त्यात 256 मेगाबाइट मेमरी, 600 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि 1320 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी होती, आणि तरीही त्याच्या माएमो 5 या प्रणालीत सर्व अ‍ॅप एकाच वेळी खरोखर चालू राहत. हे जमले ते प्रोसेसरला जबरदस्तीने निजवून नव्हे. काम नसेल त्या क्षणी तो आपणहून जवळजवळ बंद होण्याच्या अवस्थेत जाई, आणि ज्या अ‍ॅपना ठरावीक वेळाने नेटवर्कशी बोलायचे असे त्यांना ‘हार्टबीट’ सेवा एकत्र उठवून एकत्र निजवत असे, म्हणजे पाच जणांसाठी पाच वेळा नव्हे तर एकदाच जाग येई. अँड्रॉइडने वेगळी वाट धरली : फोन झोपलेला हीच मूळ अवस्था, आणि ज्याला जागे राहायचे आहे त्याने वेकलॉक, म्हणजे झोप अडवणारे कुलूप, धरावा. या वेकलॉकला मूळ लिनक्स कर्नलमध्ये जागा द्यावी की नाही यावर 2009 आणि 2010 मध्ये जोरदार वाद झाला आणि 2012 साली कर्नल 3.5 मध्ये त्याचा समांतर पर्याय दाखल झाला. आजच्या मुक्तस्रोत फोनांत या दोन्ही घराण्यांचे संस्कार मिसळलेले आहेत. माझ्या मते बऱ्याच अडचणींचे मूळ इथेच आहे : झोपेची शिस्त एका घराण्याची, आणि अ‍ॅप लिहिणाऱ्याची सवय दुसऱ्या घराण्याची.

दुसरी खेप आली ती पावसाळ्यात, एका मोठ्या अपडेटनंतर. या वेळी घर आणि कार्यालय यांत फरक नव्हता. सर्वत्र सारखाच चार्ज उतरत होता, आणि उठवणाऱ्यांच्या यादीत मोडेम सर्वांत वर होता. गूगलच्या सेवा नसलेल्या फोनवर हे विशेष आढळते. त्या सेवा असतात तेव्हा सर्व अ‍ॅपचे निरोप एकाच जोडणीवरून येतात. त्या काढून टाकल्या की प्रत्येक गप्पांचे अ‍ॅप आपापल्या सर्व्हरशी स्वतंत्र जोडणी धरून ठेवते, आणि वाटेतली यंत्रणा ती तोडून टाकू नये म्हणून दर काही मिनिटांनी ‘मी आहे’ असे कळवत राहते. हा निरोप शंभर-दोनशे बाइटांचा असला तरी तो पाठवल्यावर मोडेम लगेच शांत होत नाही; नेटवर्क ठरवेल तितके, साधारण दहाएक सेकंद, तो पूर्ण तयारीत उभा राहतो. चार अ‍ॅप, प्रत्येकाची वेळ वेगळी, म्हणजे मोडेमला उसंत नाही. अपडेटपूर्वी ही अ‍ॅप गप्प का होती, तर माझ्याच जुन्या सेटिंगमुळे. अपडेटने ते पुसले होते. उपाय म्हणजे सर्व निरोप पुन्हा एकाच जोडणीवर आणणाऱ्या युनिफाइडपुश या पद्धतीला पाठिंबा देणारी अ‍ॅप निवडणे आणि ‘एनटीएफवाय’सारखा एकच निरोप्या ठेवणे. ज्या अ‍ॅपमध्ये ही सोय नाही, त्यांना मागे चालण्याची परवानगी नाकारून हाताने उघडल्यावरच संदेश घ्यावेत. ई-मेलच्या बाबतीत मात्र ‘दर पाच मिनिटांनी तपास’ यापेक्षा आयमॅप या टपाल-पद्धतीतील ‘आयडल’ (जोडणी उघडी ठेवून नव्या पत्राची वाट पाहणे) स्वस्त पडते. तिच्या मानकानुसार जोडणीचे नूतनीकरण 29 मिनिटांतून एकदा केले तरी चालते, अर्थात तुमचे नेटवर्क ती तेवढा वेळ टिकू देत असेल तर.

तिसरी खेप लहान होती. हवामान दाखवणारे एक अ‍ॅप दर तासाला ठिकाण विचारत होते. पूर्वी ते आसपासच्या वाय-फायवरून क्षणात ठरत असे. त्यासाठी अनेक मुक्त प्रणाली वापरत असलेली मोझिलाची सेवा 2024 मध्ये बंद झाली, आणि दुसरी सोय बसवलेली नसेल तर फोन थेट उपग्रहांकडे वळतो. उपग्रहाकडून त्याच्या कक्षेची माहिती अखंड मिळायला आकाश मोकळे असले तरी सुमारे अर्धा मिनिट लागते. कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावर, काचेआड, ती मिळतच नाही आणि शोध वेळ संपेपर्यंत चालूच राहतो. त्या अ‍ॅपमध्ये ‘ठाणे’ असे हाताने लिहिले आणि प्रश्न मिटला. याच सुमारास एका ओळखीच्या मुलाच्या फोनमध्ये गाणी थांबवल्यावरही वाजवणाऱ्या अ‍ॅपने ‘झोपू नकोस’ ही आज्ञा मागे घेतलेली नव्हती. ‘सिस्टमडी-इनहिबिट’ या आज्ञेला झोप अडवणाऱ्यांची यादी विचारताच ते एका ओळीत सापडले. सेलफिशवर अँड्रॉइड अ‍ॅपसाठीचा कप्पा गरज नसताना चालू राहिला तर असाच परिणाम होतो. तो सेटिंगमधून थांबवता येतो.

एक छोटी गोष्ट राहिली. बॅटरी बदलल्यावर काही दिवस टक्क्यांचा आकडा खोटा बोलू शकतो, कारण क्षमता मोजणारी चिप जुन्या बॅटरीचेच गणित धरून बसलेली असते. एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरल्यावर बहुधा ती ताळ्यावर येते. तोपर्यंत चाळीसवरून एकदम अकरावर उडी पडली तर घाबरू नये.

एवढे करूनही दोष सापडला नाही, तर प्रणालीच्या विकासकांना कळवावे. पण ‘बॅटरी लवकर संपते’ एवढेच लिहून पाठवू नये, त्यावर कोणीही काही करू शकत नाही. पडदा बंद ठेवून एक तास वाय-फायसह आणि एक तास वाय-फायविना काढावा. दोन्ही तासांच्या सुरुवातीला आणि शेवटी उठवणाऱ्यांची यादी व झोपेचे आकडे जतन करावेत, आणि कर्नलची आवृत्ती व शेवटच्या अपडेटची तारीख त्यासोबत जोडावी. वाय-फायचा दोष मी असाच कळवला. दोन दिवसांत उत्तर आले, त्यात एकच प्रश्न होता : या जाळ्यावर साधारण किती यंत्रे आहेत?